पंचवीसच्या आत सायकल

१९७२ साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीने लूना बाजारात आणली. तिला पन्नास सीसीचं इंजिन होतं आणि सायकलसारखे पायडलही होते. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घर गाठता यायचं. तरी लूनाला नंबरप्लेट लागायची आणि चालवणाऱ्याला लायसन. पायडल आहेत म्हणून ती सायकल, हे म्हणणं कायद्याने ऐकून घेतलं नाही. २०२४ मध्ये तेच नाव विजेवर परत आलं. मोटर १.२ किलोवॅटची, वेग ताशी ५० किलोमीटरपर्यंत. गोंदियात ती घ्यायची तर आरटीओचं पासिंग, विमा, एमएच ३५ ने सुरू होणारी हिरवी पाटी, सगळं आलं. आणि त्याच गोंदियात, त्याच रस्त्यावरून, तशाच लिथियम बॅटरीवर चालणारी दुसरी एखादी दुचाकी विनानंबर, विनालायसन पोलिसासमोरून निवांत जाते. तिला कोणी हात करत नाही, आणि करूही नये. कारण कायद्याच्या नजरेत ती मोटारगाडी नाहीच.

ही सवलत कुठून आली ते आधी पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये ‘मोटार वाहन’ कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. तिच्यातच एक पळवाट सरकारने मुद्दाम ठेवली आहे: चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेलं वाहन या व्याख्येतून बाहेर. लूनाचे पन्नास सीसी इथे आड आले. पण विजेच्या मोटरला सीसी कुठले? तिच्यात सिलिंडरच नसतो. विजेच्या दुचाक्या भारतात येऊ लागल्या तेव्हा हा प्रश्न खराखुरा उभा राहिला आणि २००५ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची वेगळी व्याख्या घातली गेली. पुढे तिच्यात भर पडत गेली. आज त्या व्याख्येचा गाभा असा आहे: मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी असावी. वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असावा. पायडलला जोड म्हणून मोटर असेल तर तिचा जोर वेग वाढेल तसा उतरत जावा आणि पंचवीसला पूर्ण तुटावा, किंवा चालवणाऱ्याने पायडल थांबवले तर त्याआधीच. बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोच्या वर नसावं. ब्रेक धड असावेत, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक असावा. आणि या सगळ्या गोष्टी केंद्र सरकारने नेमलेल्या चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेल्या असाव्यात.

इतकं जुळलं की लायसन, पासिंग, विमा यांतलं काही लागत नाही. हेल्मेटची सक्तीही मोटारसायकलपुरती आहे.

लोक या पंचविसाला ‘स्पीड लिमिट’ म्हणतात आणि तिथेच गोंधळाला सुरुवात होते. मोटारसायकलवाल्याने फलकावरची वेगमर्यादा ओलांडली तर त्याला दंड होतो. गाडी मात्र मोटारसायकलच राहते. इथे तसं नाही. मोटरच्या जोरावर चाळीसने पळू शकणारी सायकल ‘वेगात गेलेली सायकल’ ठरत नाही. ती नोंदणी न केलेली, विमा नसलेली मोटारसायकल ठरते, आणि तीही उभी असताना. कारण मोजायचं आहे ते गाडीचं अंग, त्या दिवशीची चाल नव्हे. उलट बाजूही तितकीच खरी आहे. सालेकसा तालुक्यात दरेकसाच्या डोंगराकडून उतरताना नुसत्या उतारामुळे पायडलवाली सायकल तीस-पस्तीसला गेली, तर बिघडलं काही नाही. त्या वेळी मोटर बंद असायला हवी, एवढंच.

आता ते ‘तीस मिनिटं’ काय प्रकरण आहे? विजेची मोटर पेट्रोलच्या इंजिनासारखी वागत नाही. तिला क्षणभर दुप्पट-तिप्पट वीज दिली तर ती क्षणभर तेवढा जोर देते, फक्त तापते. तापत राहिली तर आतलं वेटोळं जळतं आणि चुंबक कमजोर होतात. म्हणून मोटरची खरी ताकद किती, याचं उत्तर ‘किती वेळ?’ हे विचारल्याशिवाय देता येत नाही. राइस मिलमधला हमाल क्विंटलभराचं ओझं क्षणभर पाठीवर तोलेलही, पण त्याची मजुरी ठरते ती तो दिवसभर काय वाहतो त्यावर. तसंच इथे. अर्धा तास सलग, न थकता मोटर जेवढी शक्ती देऊ शकते तेवढीच कायदा तिच्या नावावर मांडतो. ती मोजण्याची पद्धत वाहन उद्योगाच्या मानकांत, एआयएस ०४१ मध्ये, लिहून ठेवली आहे. त्यामुळे एखाद्या प्रामाणिक कंपनीची सायकल चढावर काही सेकंद चारशे वॅट खेचताना दिसली तर ती लबाडीच असेल असं नाही.

एक गंमत सांगायला हवी. नियम म्हणतो २५० वॅटपेक्षा कमी. बाजारातली जाहिरात म्हणते २५० वॅट. शब्दाला शब्द लावला तर बरोब्बर २५० ची मोटर बाहेर पडते! प्रत्यक्षात यावरून कोणी भांडत नाही, कारण निकाल जाहिरातीवर लागत नाही, चाचणीच्या कागदावर लागतो.

२५० वॅट म्हणजे साधारण एक तृतीयांश अश्वशक्ती. ऐकायला किरकोळ. हिशेब करून पाहू. सायकल आणि माणूस मिळून शंभर किलो धरा, रस्ता सपाट, वारा पडलेला. ताशी २५ च्या वेगाला हवेचा आणि चाकांचा विरोध मोडायला अंदाजे १६० वॅट लागतात. धट्टाकट्टा माणूस तासभर पायडल मारत साठ-सत्तर वॅट सहज देतो. म्हणजे सपाटीवर मोटरला शंभर वॅटही पुरतात. आता वेग ४५ करा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाने. हिशेब साडेसातशे वॅटच्या पलीकडे जातो. वेग दुप्पटही झाला नाही, आणि शक्ती जवळजवळ पाचपट झाली. म्हणजे २५० आणि २५ हे दोन आकडे कोणी डोळे मिटून उचललेले नाहीत. ते एकमेकांना बांधलेले आहेत.

गोंदिया जिल्ह्याला हा हिशेब बराच मानवतो. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. उत्तर-पश्चिमेचा मोठा भाग सपाट, बांध्यांचा. गावातून तालुक्याला, शाळेत, बाजाराला, धान खरेदी केंद्रावर जायचं अंतर बहुतेकदा पाच ते पंधरा किलोमीटर. गोंदिया ते आमगाव पंचवीसेक किलोमीटर, म्हणजे नियमातल्या सायकलने तासाभराच्या आसपास. दहा किलोमीटरच्या फेरीत पंचवीस आणि पंचेचाळीस यांतला फरक दहा-अकरा मिनिटांचा. चौकातली थांबाथांब, गायी-म्हशी आणि खड्डे धरले तर त्याहूनही कमी. इतक्यासाठी लोक मोटरची वीज आणि वेग बांधणारा कंट्रोलर बदलून घेतात, याचं मला नवल वाटतं.

पण खरी अडचण वेगाची नसून ओझ्याची आहे, आणि तिथे मी नियमाच्या बाजूने डोळे झाकून बोलणार नाही. चाळीस किलो धानाचं पोतं कॅरिअरवर टाका; एकूण वजन १४० किलो. समोर रेल्वेवरून जाणारा उड्डाणपूल, चढ शंभराला चार. हा चढ ताशी १५ ने चढायला तीनशेच्या आसपास वॅट लागतात. मोटरचे अडीचशे आणि पायाचे पन्नास, कसंबसं जमतं. पायडल न मारता नुसतं एक्सलेटर पिळून बसणाऱ्याचं मात्र जमत नाही. त्याची गाडी अर्ध्यात कण्हायला लागते, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असताना मोटर लवकर तापते ती वेगळी. मग मिस्त्रीकडे जाणं होतं, ‘पिकअप नाही’ अशी तक्रार होते, आणि मिस्त्रीजवळ त्याचा तयार इलाज असतो: पाचशे किंवा हजार वॅटची मोटर. माणसाने मागितला होता चढावरचा जोर. पदरात पडतो सपाटीवरचा वेगही. नियमाने ओझ्यासाठी वेगळी सोय ठेवली असती, म्हणजे वेग पंचवीसच पण मोटर थोडी दणकट, तर गोंदियासारख्या धानाच्या मुलखात त्याचा उपयोग झाला असता.

ही मागणी जगावेगळी नाही. युरोपात २५० वॅट आणि २५ किलोमीटर हेच आकडे आहेत; आपला नियम त्यांच्याच वळणाचा आहे. ब्रिटनमध्ये १९८३ च्या नियमांत दोनशे वॅट होते, २०१५ मध्ये त्यांनी युरोपाशी जुळवून घेतलं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने २००२ मध्ये ७५० वॅट आणि ताशी वीस मैल, म्हणजे ३२ किलोमीटर, एवढी ढील दिली. जपानने आकड्यापेक्षा प्रमाण धरलं: ताशी दहा किलोमीटरपर्यंत पायाच्या जोराच्या जास्तीत जास्त दुप्पट मदत, मग ती घटत घटत चोवीसला शून्य. माझ्या मते हा सर्वांत हुशार नियम, कारण त्यात बसून राहणाऱ्याला काहीच मिळत नाही. आपल्याला सर्वांत जवळचा धडा मात्र चीनचा. तिथे १९९९ च्या मानकात वेग २०, मोटर २४० वॅट आणि वजन ४० किलो अशी मर्यादा होती. कारखान्यांनी आणि गिऱ्हाइकांनी मिळून ती धाब्यावर बसवली, आणि पायडल फक्त नावाला लावलेल्या जड, वेगवान गाड्यांनी शहरं भरली. शेवटी २०१९ पासून नवं मानक लागू झालं: वेग २५, मोटर ४०० वॅट, वजन ५५ किलो, पायडल सक्तीचे. मोटरची मर्यादा त्यांनी वाढवली. वेगाची फक्त पाचाने.

वेगाबाबत सगळीकडेच हात आखडता असतो, त्याचं कारण ब्रेकमध्ये आहे. ताशी २५ ने जाणाऱ्याला समोर बकरी दिसली, तिच्याकडे लक्ष जाऊन बोटं ब्रेकवर जायला एक सेकंद गेला, आणि ब्रेक सायकलचेच साधे असले, तर गाडी थांबेपर्यंत साधारण पंधरा मीटर जातात. पंचेचाळीसला तेच अंतर अडतीस मीटरच्या पुढे. सायकलचं रिम, स्पोक, पुढचा फोर्क, ब्रेकचं रबर हे सारं पायाच्या वेगासाठी बनलेलं असतं. मोटर मोठी लावणारा मिस्त्री यांतलं काही बदलत नाही. त्यात परावर्तकाची अट पाहा. सवलतीच्या अटींत दिव्याचं नावही नाही. देवरी ते कोहमारा या राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या पट्ट्यात रात्री रायपूरहून नागपूरकडे जाणारे ट्रक असतात, दोन्ही बाजूंना जंगल असतं, आणि पंचवीसच्या वेगाची सायकल मागच्या ट्रकला दिसते ती त्या एका लाल चकतीमुळे. तीच गळून पडलेल्या सायकली सर्रास दिसतात. दिवा नियम सांगो न सांगो, लावलेला बरा.

आता अंमलबजावणी. २०२२ च्या मे महिन्यात राज्याच्या परिवहन आयुक्त कार्यालयाने सगळ्या आरटीओंना बेकायदा फेरफार केलेल्या ई-बाइकवर कारवाई करायला सांगितलं. मान्यता न घेता विकलेल्या गाड्या, आणि मान्यता एका गाडीची घेऊन विकताना वेग-शक्ती वाढवून दिलेल्या गाड्या, हे दोन्ही प्रकार रोखायचे होते. पण रस्त्यावर उभ्या निरीक्षकाची अडचण समजून घ्या. तीस मिनिटांची शक्ती मोजायला प्रयोगशाळेतला डायनामोमीटर लागतो. तो मनोहर चौकात आणून ठेवता येत नाही. मोटरवर २५० छापलेलं असतं आणि आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. निरीक्षकाच्या हाती दोनच गोष्टी: गाडी चालवून पाहणं, आणि मान्यतेचा कागद मागणं.

हा कागद म्हणजे सगळ्या सवलतीचं मूळ आहे आणि सर्वांत कमी लोकांना माहीत असलेली गोष्टही. नियमाची भाषा नीट वाचली तर सवलत गाडी कमी ताकदीची आहे म्हणून मिळत नाही; ती तशी असल्याचं चाचणी संस्थेने तपासून मान्य केलं आहे म्हणून मिळते. योगायोगाने अशा संस्थांपैकी काही मोठ्या संस्था महाराष्ट्रातच आहेत. पुण्यात एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरला संरक्षण खात्याची व्हीआरडीई. प्रत्येक सायकल तिथे जात नाही, मॉडेल जातं. पण गिऱ्हाइकाने दुकानदाराकडे त्या मॉडेलच्या मान्यतेची प्रत मागायला हवी, आणि बिलावर मॉडेलचं नाव तेच आहे ना, ते पाहायला हवं. देत नसेल तर दुसरं दुकान.

यातून एक अवघड गोष्ट निघते. जुन्या सायकलला किट बसवून घेण्याची पद्धत खेड्यापाड्यांत चांगलीच रुजते आहे. मागच्या चाकात मोटर, नळीला बॅटरी, हँडलला एक्सलेटर. नव्या ई-सायकलच्या निम्म्याहून कमी खर्चात काम होतं. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळालेल्या सायकली घरोघरी आहेत. मुलगी बारावी झाली की ती सायकल बापाकडे येते आणि तिला किट बसतं. मोटर दोनशे वॅटची, वेग बावीस, सगळं मर्यादेत. तरीही ही जोडलेली गाडी कोणत्याही संस्थेने तपासलेली नसते, आणि नियमाचा काटेकोर अर्थ लावला तर सवलतीचा हक्क तिला सांगता येत नाही. असल्या सायकलवाल्याला पकडत बसावं असं मी म्हणणार नाही. कायदा गरिबाच्या जुगाडापर्यंत पोचलेला नाही, एवढंच यातून दिसतं; किटला वेगळी, स्वस्त मान्यता मिळायला हवी.

मर्यादेबाहेरच्या गाडीचं मात्र वेगळं. ती मोटार वाहन ठरली की कलमं एकामागून एक लागतात. नोंदणी नसलेली गाडी चालवली तर पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड. लायसन नाही, पाच हजार. विमा नाही, दोन हजार किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. गाडीत परवानगीशिवाय फेरफार केला तर मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. हे अधिनियमातले आकडे. प्रत्यक्ष चालान तडजोडीच्या दराने होतं. नियम केंद्राचे असल्यामुळे बाघ नदी ओलांडून बालाघाटला गेलं किंवा देवरीकडून छत्तीसगडात शिरलं तरी व्याख्या बदलत नाही.

दंडापेक्षा जड गोष्ट अपघाताची. नियमातल्या ई-सायकलने कोणाला धडक दिली तर ती मोटार वाहन नसल्यामुळे जखमीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येत नाही. साध्या दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागावी लागते, आणि चालवणाऱ्याकडे विमा नसतो. फौजदारी बाजू मात्र सुटत नाही. भारतीय न्याय संहितेतलं बेदरकारपणे वाहन चालवण्याचं कलम साध्या सायकलवाल्यालाही लागतं. धडक देणारी गाडी मर्यादेबाहेरची असेल तर न्यायाधिकरणाचा दरवाजा उघडतो, पण भरपाई द्यायला मागे विमा कंपनी उभी नसते. रक्कम मालकाच्या खिशातून, म्हणजे बऱ्याचदा शेतीतून.

राहिली मुलं. सवलतीतल्या गाडीला लायसन नाही, म्हणून किमान वयही नाही. तेरा वर्षांच्या पोराने ती चालवली तर मोटार वाहन कायद्याचं बोट त्याच्याकडे जात नाही, आणि मला ही नियमातली उणीवच वाटते. निदान चौदा-पंधराची अट हवी होती. त्याच पोराच्या सायकलला काकाने हजार वॅटची मोटर बसवून दिली तर चित्र पालटतं. आता ते अल्पवयीनाने मोटार वाहन चालवणं झालं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९-अ सांगतं की अशा वेळी पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जाईल: तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. मला माहीत नव्हतं, असं म्हणायचं असेल तर ते सिद्ध करण्याचा भार पालकावरच. आणि पोराला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळणार नाही.